झाडाआडून बघणारं हेलिकॉप्टर: किओवा नेमकं काय करायचं?

ओएच-५८डी किओवा या अमेरिकी हेलिकॉप्टरचा फोटो बघितला की नजर सगळ्यात आधी जाते ती पंख्याच्याही वर बसवलेल्या त्या गोल चेंडूकडे. खालचं हेलिकॉप्टर तसं साधंच, शेजारी-शेजारी दोन सीट, एक छोटं टर्बाइन इंजिन, चाकांऐवजी दोन स्किड, आणि तोंडवळा बघून बऱ्याच जणांना ते बेल कंपनीच्या जेटरेंजर या नागरी हेलिकॉप्टरसारखं वाटतं, ते बरोबरच आहे कारण ते त्याच घराण्यातलं आहे. पण वरचा तो चेंडू, त्याला पुढे काचेच्या खिडक्या, हा काय प्रकार आहे? तो तिथे का बसवला हे नीट समजलं ना, की लष्करातलं स्काऊट हेलिकॉप्टर म्हणजे काय हे निम्म्याहून जास्त समजतं, म्हणून आपण तिथूनच सुरू करू.

आधी काम काय ते बघा. लष्कराची तुकडी पुढे सरकत असते तेव्हा तिला सगळ्यात जास्त गरज असते ती पुढच्या टेकडीपलीकडे काय आहे हे कळण्याची. रणगाडे आहेत का, किती आहेत, तोंड कुठल्या दिशेला करून उभे आहेत, झाडीत कोणी दबा धरून बसलंय का, पुढचा पूल जड गाड्या पेलेल का. पूर्वी हे घोडेस्वार करायचे, आणि अमेरिकेत टेहळणीची हेलिकॉप्टरं उडवणाऱ्या तुकड्यांनाही कॅव्हलरी म्हणजे घोडदळच म्हणत आलेत. स्काऊटने पुढे जायचं, बघायचं, मागच्यांना सांगायचं आणि जमेल तितका वेळ तिथेच राहून बघत राहायचं. यातला शेवटचा भाग सगळ्यात अवघड, कारण तुम्हाला शत्रू दिसतोय याचा अर्थ बहुतेक वेळा शत्रूलाही तुम्ही दिसताय.

आपल्याला वाटतं उंच गेलं की सुरक्षित, पण लढाईच्या पुढच्या टोकावर हेलिकॉप्टरच्या बाबतीत उलटं असतं. थोडं वर गेलं की ते रडारवर येतं, विमानविरोधी तोफेच्या आणि खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्राच्या टप्प्यात येतं, आणि हेलिकॉप्टर काही लढाऊ विमानासारखं पळून जाऊ शकत नाही. त्यामुळे स्काऊट पायलट जमिनीला चिकटून उडतात, ओढ्याच्या खोलगटातून, झाडांच्या रांगेमागून, टेकडीच्या कुशीतून, म्हणजे मध्ये कायम काहीतरी आडोसा राहील असं.

आता खरी अडचण. आडोशाला राहिलं तर दिसणार कसं? कॅमेरा नाकावर असेल तर बघण्यासाठी अख्खं हेलिकॉप्टर झाडांच्या वर काढावं लागतं. कॅमेरा छतावर असेल, जसा जपानच्या ओएच-१ मध्ये आहे, तर थोडं बरं, पण तरी गरगर फिरणारा मोठा पंखा आडोशाच्या वर येतोच, आणि लांबून माणसाच्या डोळ्याला पहिली खूण पटते ती या पंख्याच्या लुकलुकण्याचीच. मग बेलने कॅमेरा पंख्याच्याही वर नेला. मगर कशी सगळं अंग पाण्याखाली ठेवून नुसते डोळे वर काढते, तसं अख्खं हेलिकॉप्टर झाडांमागे आणि फक्त ६० - ६५ सेंटीमीटरचा एक चेंडू वर. काही किलोमीटरवरून तो चेंडू दिसणं जवळपास अशक्य. पुढे अपाचे लाँगबो या हल्ला करणाऱ्या मोठ्या हेलिकॉप्टरने आपलं रडार पंख्याच्या वर बसवलं ते याच हिशोबाने.

वाचायला सोपं वाटतं पण बांधायला हे भयंकर किचकट होतं. पंख्याचा दांडा मिनिटाला चारशेच्या आसपास फेऱ्या मारतो आणि कॅमेरा मात्र स्थिर पाहिजे. म्हणून दांडा पोकळ ठेवला, त्याच्या आतून एक न फिरणारी नळी वर नेली, चेंडू त्या नळीवर बसवला आणि वायरी त्याच नळीतून खाली आणल्या. म्हणजे बाहेरचा दांडा फिरतोय, आतली नळी गप्प उभी आहे. तरी हेलिकॉप्टरची थरथर उरतेच, आणि लांबचं बघताना किंचितशा थरथरीनेही चित्र पार हलतं, त्यामुळे चेंडूच्या आतली उपकरणं थरथर शोषून घेणाऱ्या जोडण्यांवर बसवली आणि आत स्वतःला सावरून धरणारी यंत्रणा घातली. उपकरणं तीन. दिवसा लांबचं बघायला टीव्ही कॅमेरा, रात्री आणि धुरात उष्णतेवरून बघायला थर्मल कॅमेरा, आणि लेझर. उजव्या सीटवरचा पायलट हेलिकॉप्टर सांभाळतो आणि डावीकडचा को-पायलट स्क्रीनकडे बघत हा चेंडू फिरवतो.

या तिघांत मला विचाराल तर लेझर सगळ्यात महत्त्वाचा, कारण त्यामुळे बघणारा नुसता बघणारा राहत नाही. लेझर दोन कामं करतो. एक म्हणजे अंतर मोजतो, त्यामुळे आपण कुठे आहोत हे माहीत असेल तर समोरचा रणगाडा नकाशावर नेमका कुठे आहे ते काढता येतं आणि ते थेट तोफखान्याला पाठवता येतं. दुसरं काम म्हणजे लक्ष्य दाखवणं. किओवा झाडाआडून रणगाड्यावर लेझर टाकून ठेवतो, डोळ्याला तो किरण दिसत नाही, आणि कित्येक किलोमीटर मागे दुसऱ्या टेकडीमागे उभं असलेलं अपाचे हेलफायर क्षेपणास्त्र सोडतं. अपाचेला तो रणगाडा दिसतही नाही, क्षेपणास्त्र मात्र रणगाड्यावरून परावर्तित होणारा लेझर शोधत जातं. प्रत्येक लेझरला कोड असतो म्हणजे एकाच वेळी दोन स्काऊट काम करत असतील तरी क्षेपणास्त्रांचा गोंधळ होत नाही. तोफखान्याकडे कॉपरहेड नावाचा लेझरवर जाणारा १५५ मिमीचा तोफगोळा होता, त्यालाही असंच लक्ष्य दाखवता यायचं. अट एकच, क्षेपणास्त्र पोचेपर्यंत लेझर लक्ष्यावरून हलता कामा नये. लांबच्या लक्ष्याला अर्धा मिनिटसुद्धा लागतो, आणि जिथे आपल्यावर कोणीही कधीही गोळी झाडू शकतं अशा ठिकाणी हवेत एका जागी उभं राहून अर्धा मिनिट स्क्रीनवरची खूण लक्ष्यावर धरून ठेवायची म्हणजे काय धीर लागत असेल याचा विचार करा.

ही कल्पना एकदम आली नाही, तिच्यामागे व्हिएतनामचा महागडा अनुभव आहे. १९६० च्या सुमाराला अमेरिकी लष्कराने हलकं टेहळणी हेलिकॉप्टर मागितलं, बऱ्याच कंपन्या उतरल्या, बेलही होती, पण १९६५ मध्ये जिंकलं ह्यूजेसचं ओएच-६, तेच ते अंड्यासारखं छोटं चपळ हेलिकॉप्टर ज्याला सैनिक लोच म्हणायचे. बेलने हरलेलं डिझाइन नव्याने बांधलं आणि जेटरेंजर म्हणून बाजारात आणलं, ते प्रचंड चाललं. मग ह्यूजेसने किंमत वाढवल्यावर लष्कराने पुन्हा बोली मागवली, तेव्हा १९६८ मध्ये बेल जिंकली आणि जेटरेंजरचं लष्करी रूप ओएच-५८ए किओवा म्हणून आलं.

व्हिएतनाममध्ये स्काऊटची पद्धत अशी होती की लोच अगदी झाडांच्या शेंड्यांवरून फिरायचं, पायवाटा, चुलीचा धूर, पायाचे ठसे शोधायचं, आणि वर कोब्रा हे हल्ला करणारं हेलिकॉप्टर घिरट्या घालत असायचं. खालून गोळी आली की लोच धुराचा बॉम्ब टाकून बाजूला व्हायचं आणि कोब्रा त्या धुरावर तुटून पडायचं. म्हणजे स्वतःवर गोळी झाडून घेणं हाच शत्रू शोधायचा एक मार्ग होता. लष्कराने घेतलेल्या १,४०० च्या आसपास ओएच-६ पैकी आठशेहून जास्त व्हिएतनाममध्ये नष्ट झाली. त्यातल्या प्रत्येकात किमान दोन माणसं बसलेली असायची, हे लक्षात ठेवून तो आकडा वाचला पाहिजे. पुढे युरोपात सोव्हिएत रणगाडे आणि त्यांच्यासोबत चालणाऱ्या विमानविरोधी तोफा समोर ठेवून विचार सुरू झाला तेव्हा हे असं खाली जाऊन फिरणं तिथे चालणारच नाही हे उघड होतं. लांब राहून, लपून बघणारं काहीतरी हवं होतं. १९८१ मध्ये ते काम बेलला मिळालं, ऑक्टोबर १९८३ मध्ये ओएच-५८डी पहिल्यांदा उडालं. जुन्या दोन पात्यांच्या पंख्याऐवजी चार पात्यांचा पंखा, ६५० हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि वर तो चेंडू.

आता जरा भौतिकशास्त्राकडे, कारण लपून बघणं हे हेलिकॉप्टरसाठी किती कष्टाचं असतं हे फार कोणी सांगत नाही. हेलिकॉप्टर जमिनीच्या अगदी जवळ हॉवर करतं, म्हणजे हवेत एका जागी उभं राहतं, तेव्हा पंख्याने खाली ढकललेली हवा जमिनीला आपटते आणि तिला खाली जायला पूर्ण मोकळीक मिळत नाही, त्यामुळे तेवढ्याच वजनाला कमी ताकद लागते. हा फायदा साधारण पंख्याच्या व्यासाइतक्या उंचीपर्यंतच मिळतो, त्याच्या वर जवळजवळ संपतो. किओवाचा व्यास साडेदहा मीटरच्या थोडा वर. आता पंधरा-वीस मीटरच्या झाडांमागे उभं राहून चेंडू शेंड्यांवर काढायचा म्हणजे हा फायदा गेला, आणि पुढे जाण्याचा वेगही नाही त्यामुळे वेगाने मिळणारी उचलही गेली. म्हणजे स्काऊटला जे काम सगळ्यात जास्त करायचं असतं तेच नेमकं इंजिनाची सगळ्यात जास्त ताकद खाणारं आहे. त्यात दिवस तापलेला असेल किंवा डोंगराळ भाग असेल तर हवा विरळ, विरळ हवेत पात्यांना पकड कमी आणि इंजिनाला श्वासही कमी, दोन्हीकडून मार.

अजून एक धोका असतो. वरून बघितलं तर या हेलिकॉप्टरचा मोठा पंखा घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, त्याची प्रतिक्रिया म्हणून हेलिकॉप्टरचं धड उजवीकडे वळायला बघतं, आणि शेपटीचा छोटा पंखा ते वळणं रोखून धरतो. वेग कमी असताना वारा डावीकडच्या एका ठराविक कोनातून आला तर मोठ्या पंख्याच्या टोकांचे भोवरे सरळ शेपटीच्या पंख्यात शिरतात, मागून आलेला वारा शेपूट ढकलून वेगळाच त्रास देतो, छोट्या पंख्याची पकड सुटल्यासारखी होते आणि हेलिकॉप्टर अचानक उजवीकडे गरकन फिरायला लागतं. यंत्रात काही बिघडलेलं नसतं. ओएच-५८ च्या जुन्या मॉडेलांना या प्रकाराने फार सतावलं. उपाय म्हणजे डावं पेडल पूर्ण दाबायचं आणि पुढे वेग घ्यायचा, पण झाडांच्या शेंड्यांपाशी पुढे जायला जागा आणि खाली उंची, दोन्ही नसतात. म्हणून स्काऊट पायलटला वारा कुठून येतोय याचं भान सतत ठेवावं लागतं.

सुरुवातीला ओएच-५८डी कडे हत्यार नव्हतं. ते आलं समुद्रावरच्या गरजेमुळे. १९८७ मध्ये इराण-इराक युद्धात पर्शियन आखातातल्या तेलवाहू जहाजांवर हल्ले होत होते, सुरुंग पेरले जात होते, तेव्हा पंधरा ओएच-५८डी वर घाईघाईने शस्त्रं चढवली गेली. १९८८ च्या सुरुवातीपासून ती नौदलाच्या जहाजांवरून रात्री पाण्याच्या अगदी जवळून उडत वेगवान बोटी शोधायला लागली. थर्मल कॅमेऱ्याला थंड समुद्रावर बोटीचं गरम इंजिन छान दिसतं, त्यामुळे रणगाड्यांसाठी बनवलेलं यंत्र तिथेही चपखल बसलं. हा प्रयोग इतका जमला की पुढे सगळ्याच डी मॉडेलना शस्त्रं द्यायचं ठरलं आणि किओवा वॉरियर तयार झालं. दोन्ही बाजूंना एकेक टांगणी, त्यावर हेलफायर, ७० मिमीची रॉकेटं, १२.७ मिमीची मशिनगन किंवा हवेतल्या लक्ष्यासाठी स्टिंगर क्षेपणास्त्र, यातलं दोन प्रकारचं काहीतरी.

पण अडीच टनाच्या हेलिकॉप्टरवर सगळं एकदम लादता येत नाही. शस्त्रं वाढवली की इंधन कमी भरायचं, इंधन कमी म्हणजे थांबायला वेळ कमी, आणि स्काऊटचा सगळा उपयोग तर थांबून राहण्यात आहे. हा हिशोब पायलट प्रत्येक उड्डाणाआधी करायचे, त्या दिवसाचं तापमान आणि जागेची उंची धरून. हलकेपणाचे फायदेही तसेच मोठे होते म्हणा, सी-१३० विमानात दोन किओवा मावायची, उतरवून पाती उलगडली की थोड्याच वेळात उडायला तयार, छोट्याशा मोकळ्या जागेतून उडवता यायची, सांभाळायला माणसं थोडी लागायची.

इराक आणि अफगाणिस्तानात मात्र युद्धाचं रूपच बदललं. झाडाआडून बघण्यासारखी रणगाड्यांची रांग समोर नव्हतीच, शत्रू घरांत, शेतांत, गल्ल्यांत मिसळलेला. किओवाचे पायलट दरवाजे काढून उडायचे, वजनही कमी आणि बाहेरचं दिसायचंही मोकळं, आणि खालच्या पायदळाशी रेडिओवर सतत बोलत त्यांच्या डोक्यावर गोल फिरत राहायचे. बऱ्याचदा तो लाखमोलाचा चेंडू सोडून उघड्या डोळ्यांनीच काम चालायचं. ताजी उकरलेली माती, नेहमी गजबजलेला पण आज ओस पडलेला रस्ता, छपरावर उगाच उभा असलेला माणूस, या गोष्टी रोज तोच भाग बघणाऱ्याला खटकतात. अफगाणिस्तानच्या उंचीवर भरलेलं किओवा नीट हॉवर करू शकत नसे, त्यामुळे उभं राहून मारण्याऐवजी वेगात तिरकं खाली झेप घेत रॉकेटं सोडायची आणि वळून निघायचं. नेम धरायला कित्येक पायलट समोरच्या काचेवर ग्रीस पेन्सिलने खूण करून ठेवायचे, आपल्या बसण्याच्या उंचीप्रमाणे. को-पायलटच्या हाताशी रायफल असायची, गरज पडली तर दारातून तीही चालवायची. जमिनीवर अडकलेल्या सैनिकांना किओवाचा पायलट आवडायचा तो शस्त्रांमुळे जितका, तितकाच रेडिओवरच्या त्याच्या आवाजामुळे. तो तुमच्यासारखंच बघतोय, घाबरल्या आवाजातलं अर्धवट वाक्यही त्याला कळतंय, आणि तो खाली येऊन स्वतः बघायला तयार आहे.

या सगळ्याची किंमत होतीच. किओवाला चिलखत जवळपास नाही, इंजिन एकच, ते बंद पडलं तर खालून येणाऱ्या हवेवर पंखा फिरता ठेवून उतरायचं, आणि त्यासाठी लागणारी उंची खाली उडणाऱ्याकडे फारशी नसते. विजेच्या तारा हा तर वेगळाच शत्रू, रात्री नाइट व्हिजनमधून तार शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही, म्हणून केबिनच्या वर आणि खाली तार कापणारी पाती बसवलेली असायची. ती कामाला यायची, पण प्रत्येक वेळी नाही.

एवढं करून याची जागा घेणारं हेलिकॉप्टर अमेरिकेला आजपर्यंत मिळालेलं नाही. कोमॅन्चे हे रडारला चुकवणारं स्काऊट १९९६ मध्ये उडालं, त्याच्यावर जवळपास ७ अब्ज डॉलर गेले, आणि २००४ मध्ये दोन नमुन्यांवरच ते बंद झालं. मग बेल ४०७ या नागरी हेलिकॉप्टरवर आधारलेलं एआरएच-७०, ते खर्च वाढला म्हणून २००८ मध्ये रद्द. दरम्यान किओवा वॉरियर थकत गेली आणि २०१७ पर्यंत अमेरिकी लष्करातून सगळी निवृत्त झाली, त्यांचं काम अपाचे आणि शॅडो ड्रोन यांच्या जोडीकडे गेलं. त्यानंतर फारा नावाचा नव्या स्काऊट हेलिकॉप्टरचा कार्यक्रम आला, त्यावर सुमारे २ अब्ज डॉलर खर्च झाले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तोही थांबवला. युक्रेनच्या युद्धात स्वस्त ड्रोन काय काय बघू शकतात हे सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि खांद्यावरच्या क्षेपणास्त्रांनी हेलिकॉप्टरांचं काय होतं हेही. शॅडो ड्रोनही त्याच वर्षी निवृत्त झालं.

माझं मत विचाराल तर फारा थांबवणं चूक नव्हतं. लपून बघणं हे जर काम असेल तर ते माणूस न बसवता होत असेल तर माणूस बसवूच नये, व्हिएतनामचा तो आकडा त्यासाठी पुरेसा आहे. पण ड्रोनने जागा घेतली आहे ती चेंडूची, त्यातल्या कॅमेऱ्याची आणि लेझरची. त्या डाव्या सीटवरच्या माणसाचं काम, म्हणजे दहा गोष्टी दिसत असताना कुठली खटकते ते ओळखणं आणि खालच्याशी त्याच्या भाषेत बोलणं, ते अजून पूर्णपणे कोणाकडे गेलेलं नाही. अपाचे ते करतं, पण अपाचे भरल्यावर नऊ-दहा टनांपर्यंत जातं, दोन इंजिनं, मोठा ताफा, मोठी देखभाल, आणि प्रत्येक छोट्या तुकडीच्या डोक्यावर रोज तासन् तास फिरत राहायला तेवढी अपाचे असतात कुठे?

जुनी किओवा मात्र भंगारात गेली असं समजू नका. तैवानने ती नव्वदच्या दशकातच घेतली होती, २०१६ मध्ये क्रोएशियाला १६ मिळाली आणि २०१९ मध्ये ग्रीसला ७०. क्रोएशियाचे पायलट आधीपासूनच बेल २०६ वर शिकत होते, म्हणजे जेटरेंजरवरच, त्यामुळे त्यांना किओवाचं उडणं फार नवं नव्हतं, शिकायचं होतं ते मुख्यतः सेन्सर आणि शस्त्रं वापरणं.